मोर कुठे गेला? : नक्षीच्या लाकडासाठी पॉलिश पेपर निवडताना

आज आम्ही तुर्भ्याहून बोलतोय. आम्ही आठ जणी, एकाच बचत गटातल्या. लाकडी देव्हाऱ्यांची घसाई करतो. म्हणजे काय, तर कारखान्यातून नक्षी कोरलेले खांब, महिरपी, छोटी दारं आमच्याकडे येतात. त्यांच्यावर पटाशीच्या खुणा असतात, मशीनच्या रेघा असतात, तंतू उठलेले असतात. ते सगळं घासून साफ करायचं आणि माल पॉलिशवाल्याकडे पाठवायचा. आज बोलायचंय ते या घसाईच्या कागदाबद्दल. कागदाबद्दल काय एवढं बोलायचं, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही तसंच वाटायचं. त्याची किंमत आम्ही मोजली आहे, म्हणून सांगतो.

आमचं पहिलं मोठं काम चोवीस महिरपींचं होतं. प्रत्येकीवर समोरासमोर दोन मोर. आम्ही हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, "पॉलिश पेपर द्या." दुकानदारानं कोणता म्हणून विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. कागदाच्या पाठीवर ८० आकडा होता. आम्ही मन लावून घासलं. हात फिरवला की लोण्यासारखं लागावं, एवढं घासलं. माल घ्यायला मालक आले, त्यांनी एक महिरप उजेडात तिरकी धरली आणि विचारलं, "ताई, गुळगुळीत झालंय खरं, पण मोर कुठे गेला?"

खरंच, मोर गेला होता. पिसाऱ्याच्या रेघा बुजल्या होत्या, डोळ्याचा उंचवटा सपाट झाला होता, चोच बोथट झाली होती. मजुरी तर गेलीच, वर लाकडाचे पैसेही कापले गेले. कोरणाऱ्या कारागिराचे कितीतरी दिवस आम्ही एका दुपारीत पुसून टाकले होते, त्याची लाज वेगळीच.

त्या दिवशी जे कळलं ते आधी सांगतो, बाकी सगळं त्यातूनच निघतं. घासणं म्हणजे काढणं. पीठ जास्त झालं तर पाणी वाढवता येतं, मीठ जास्त झालं तर बटाटा टाकता येतो. लाकडाचं तसं नाही. कागदानं जे काढलं ते परत येत नाही. आणि नक्षी दिसते ती सावलीमुळे. उंच भागावर उजेड पडतो, खोल भागात अंधार राहतो, मधे एक धारदार कड असते. ती कड गोल झाली की सावली पसरते आणि नक्षी धुतलेल्या रांगोळीसारखी दिसते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात तर जुन्या वाड्यांचे कोरीव दरवाजे जवळून बघा. कडा बघा आणि त्यांच्या बाजूच्या सावल्या बघा. म्हणून कागद घेण्याआधी प्रश्न विचारायचा तो हा : या नगावर काय राहिलं पाहिजे? काय काढायचं, हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

आता आकड्याकडे येऊ. कागदाच्या पाठीवर ८०, १२०, १८०, २४०, ३२०, ४०० असे आकडे असतात. आकडा मोठा तितका दाणा बारीक. हे उलटं का, ते चाळणीवरून समजतं. दाणे चाळून वेगळे करतात. एका इंचात जितकी जास्त भोकं, तितकी चाळण बारीक, आणि आकडा त्या भोकांच्या हिशेबानं ठरलेला. ८० नंबर म्हणजे आपला जाडा रवा, १२० म्हणजे बारीक रवा, २४० म्हणजे गव्हाचं पीठ, ४०० म्हणजे मैदा. मापात सांगायचं तर ८० नंबरचा दाणा साधारण एक पंचमांश मिलिमीटरचा, १२० चा एक अष्टमांश मिलिमीटरचा, आणि २४० चा त्याच्याही निम्म्याहून कमी. आता मोराच्या पिसाऱ्यातली रेघ किती रुंद असते, ते बघा. जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्या रेघेवर जाडा रवा रगडला तर ती राहील कशी?

चाळणीलाही मर्यादा असते. साधारण २२० च्या पुढचे दाणे चाळून वेगळे होत नाहीत. ते पाण्यात सोडून किती वेळात खाली बसतात त्यावरून वेगळे करतात. कुरडयांसाठी गहू भिजवून चीक काढतो तेव्हा जाड भाग आधी तळाला बसतो आणि बारीक मागून बसतो, तसंच.

एक बारकावा लक्षात ठेवा. काही कागदांवर आकड्याआधी इंग्रजी 'पी' असतो, काहींवर नसतो. या दोन वेगळ्या मोजण्या आहेत, एक युरोपातली आणि एक अमेरिकेतली. जाड कागदात फरक थोडा पडतो, बारीक कागदात मात्र बराच. पी ४०० हा कागद साध्या ३२० च्या जवळ जातो. एका कामासाठी सगळे कागद एकाच पद्धतीचे घ्या, नाहीतर आपण बारीक म्हणून लावलेला कागद जाड निघतो.

आता दाणा कशाचा, ते पाहू. जुने सुतार 'काचकागद' म्हणतात, कारण पूर्वी त्यावर खरोखर काचेची पूड चिकटवलेली असे. आज लाकडाच्या कागदावर बहुतेक वेळा अॅल्युमिनियम ऑक्साइड असतं. हे म्हणजे कारखान्यात बनवलेला कुरुंद. कुरुंद दगड आपल्याला धार लावण्यासाठी माहीत आहेच. उरणजवळ मोरा इथं १९४१ सालापासून घासचक्र बनवणारा कारखाना आहे, आजची ग्राइंडवेल नॉर्टन, म्हणजे हा उद्योग आपल्या शेजारचाच. अॅल्युमिनियम ऑक्साइडचा दाणा चिवट असतो, लवकर बोथट होत नाही. कच्च्या लाकडाच्या घसाईला हाच घ्यावा.

दुसरा दाणा सिलिकॉन कार्बाइडचा. काळा, चमकदार, फार कडक, फार धारदार, पण ठिसूळ. अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन यांना तो १८९१ मध्ये प्रयोग करताना मिळाला. आपल्याकडचा काळा 'वॉटर पेपर' बहुधा याचाच. त्याची पाठ पाण्यानं सुटत नाही. पॉलिशचा एक हात दिल्यावर दुसऱ्या हाताआधी हलकं घासायचं असतं, तिथे हा उपयोगी. कच्च्या लाकडावर मात्र पाणी घालून घासू नका, लाकूड फुगतं.

तिसरा प्रकार एमरी कापड. ते लोखंडासाठी आहे. त्याची काळी पूड शिवण किंवा आंब्यासारख्या उजळ लाकडाच्या छिद्रांत अडकते आणि पॉलिशखाली मळकट दिसते. आणि स्टील वूल, म्हणजे लोखंडी तारांचा बोळा, कच्च्या लाकडावर नकोच. त्याचे तुकडे खोबणीत राहतात. पावसाळी हवेत ते गंजतात. बाभळीसारख्या तुरट लाकडात तर लोखंड लागलं की काळे डाग पडतात. हिरड्याच्या काढ्यात लोखंड पडलं की काळी शाई होते ना, तेच इथेही होतं.

दाणे किती दाट लावलेत, तेही बघा. काही कागदांवर ते दाट असतात, काहींवर विरळ. लाकडाला विरळ बरा. मधल्या मोकळ्या जागेत भुसा बसतो आणि कागद लवकर तुंबत नाही. राळ असलेल्या पाइनसारख्या लाकडावर दाट कागद दहा हातांत चोंदतो. चोंदलेला कागद कापत नाही, नुसता तापतो आणि लाकूड चकचकीत करून फसवतो. त्याच्यावर जोर लावू नका. क्रेप सोलच्या जुन्या चपलेचा तुकडा त्यावर घासा, भुसा निघून येतो. नाहीच निघाला तर कागद बदला.

नक्षीच्या कामात कागदाची पाठ आकड्याइतकीच महत्त्वाची आहे. जाड, ताठ पाठीचा कागद सपाट फळीला ठीक. नक्षीवर तो उंच भागांवरच टेकतो, खोल भागात जात नाही, आणि दुमडला की तडकतो. पातळ कागद वळतो, पण फाटतो. त्याच्या पाठीला कापडी चिकटपट्टी लावून मग बोटभर पट्ट्या कापल्या तर तो टिकतो. मऊ कापडाच्या पाठीचा सगळ्यात सोयीचा. त्याची पट्टी खांबाभोवती गुंडाळून दोन्ही टोकं आळीपाळीनं ओढली की गोलाई नीट राहते. स्पंजच्या वडीवर दाणा लावलेलाही मिळतो. तो पानांच्या मोठ्या वळणांना छान, पण कडेवर फिरवू नका. स्पंज दबतो आणि कडेला मिठी मारतो, मग कड गोल होतेच.

आता हत्यारं. महागडी काही लागत नाहीत. निम्मी घरातच असतात. नारळाच्या झाडूची हीर तिरकी कापून टोकाला पट्टी चिकटवा, बारीक खोबणीत जाते. पेन्सिलीच्या तुकड्याला पट्टी गुंडाळा, गोल खळग्याला. आइस्क्रीमची काडी सपाट कोपऱ्याला. खोडरबर ब्लेडनं नक्षीच्या आकारात कापून त्यावर कागद धरला तर कमळाच्या पाकळीत अचूक बसतो. नखं घासायची पट्टीसुद्धा चालते, ती म्हणजे पुठ्ठ्यावरचा कागदच. एक नियम मात्र पाळा. नक्षीवर बोटाच्या पोटानं कागद दाबू नका. बोट मऊ असतं, ते खळग्यात कमी आणि कडेवर जास्त घासतं. आमचे मोर त्यानंच गेले.

छोट्या ड्रिलला लावायची कागदाच्या पाकळ्यांची चाकंही मिळतात. काम झटपट होतं, नुकसानही तितकंच झटपट होतं. ती वापरायची तर आधी रद्दी लाकडावर हात बसवा. बांगड्या काढा, वेणी वर बांधा, पदर किंवा ओढणी खोचा. फिरत्या यंत्रात ओढणी गेली तर बटण शोधायलाही वेळ मिळत नाही.

क्रम कसा लावायचा? हातानं नीट कोरलेलं काम असेल तर १५० किंवा १८० पासून सुरू करा. नक्षीवर त्याहून जाड कागद न्यायचाच नाही. मशीनच्या रेघा खोल असतील तर साध्या चौकटीवर १२० चालेल, पण नक्षीतल्या रेघा धारदार पटाशीनं किंवा बारीक कानशीनं काढून घ्याव्यात. मग १८०, मग २४०. मधली पायरी गाळू नका. १२० नं पडलेले ओरखडे २४० नं निघत नाहीत. कच्च्या लाकडावर ते दिसत नाहीत, पॉलिश लागलं की मांजरानं बोचकारल्यासारखे वर येतात. घासायचं ते लाकडाच्या रेषेबरोबर, आडवं नाही. आणि प्रत्येक नंबरनंतर जुन्या टूथब्रशनं भुसा काढा. आधीच्या कागदाचा एखादा जाड दाणा मागे राहिला तर बारीक कागदाखाली तोच ओरखडे काढत फिरतो.

२४० च्या आधी एक युक्ती करा. घट्ट पिळलेलं ओलसर फडकं नगावरून एकदाच फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. दबलेले तंतू उभे राहतात. मग २४० नं अगदी हलक्या हातानं ते कापून टाका. हे नाही केलं तर पॉलिशचा पहिला हात लागताच तेच तंतू उभे राहतात आणि पॉलिशवाला आपल्या नावानं बोटं मोडतो.

थांबायचं कधी? पॉलिश चढणार असेल तर नक्षीला २२० ते २४० पुरे. रंगाचा हात द्यायचा असेल तर त्याहून बारीक जाऊ नका, रंग नीट शोषला जात नाही. नुसतं तेल लावायचं असेल तर ३२० किंवा ४०० पर्यंत जा. जिथे लाकडाचं आडवं कापलेलं टोक दिसतं, तिथे एक नंबर बारीक वापरा, कारण ते टोक जास्त पितं आणि काळपट होतं. बघायचं ते समोरच्या उजेडात नाही. दिवा बाजूला ठेवा, म्हणजे तिरक्या उजेडात ओरखडे आणि सावल्या दोन्ही दिसतात. मग जुना नायलॉनचा मोजा नगावरून फिरवा. जिथे धागा अडकेल, तिथे तंतू राहिलाय.

आमच्या एका मावशींचं माहेर सावंतवाडीकडचं. त्या हे सगळं ऐकून हसल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे खरवताची पानं असायची." खरवत हे उंबराच्या कुळातलं झाड. त्याचं पान इतकं खरखरीत की पूर्वी लाकूड आणि हस्तिदंतही त्यानं घासत. प्राजक्ताचं पानही तसंच. अंगणात प्राजक्त असेल तर पान उलटसुलट करून बोटानं चाचपा. त्यावर ताठ, बारीक केस असतात. आम्ही वाळलेल्या शिवणीवर ते लावून पाहिलं. काम सावकाश होतं, पण पान पातळ असल्यानं वळणात बसतं आणि कड खात नाही. रोजच्या मजुरीला ते परवडणार नाही, पण घरच्या एखाद्या पाटासाठी करून बघायला हरकत नाही.

तुर्भ्याच्या पावसाळ्यात कागद सांभाळणं हे वेगळंच काम. दमट हवेत कागदाची पाठ लुळी पडते, दाणे गळतात. आम्ही पापड ठेवतो तसे कागद झाकणाच्या डब्यात सपाट ठेवतो, नंबरप्रमाणे वेगळे. वापरलेला १२० फेकत नाही, पण तो झिजून १८० झाला असंही समजत नाही. झिजलेला कागद नीट कापत नाही, तो नवीन बारीक कागदाची जागा घेत नाही.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. धूळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांत धरलं आहे, मुख्यतः नाकाच्या आणि त्याच्या आसपासच्या पोकळ्यांच्या कर्करोगासाठी. दमा, सततची सर्दी, डोळ्यांची आणि त्वचेची खाज ही रोजची दुखणी तर आहेतच. एमडीएफच्या धुळीत लाकडाबरोबर चिकटवणारं रसायनही असतं. आणि कागद जितका बारीक, तितकी धूळ बारीक, ती अधिक वेळ हवेत तरंगते. आम्हीही आधी तोंडाला पदर बांधायचो. पदरातून ही धूळ आरपार जाते. भारतीय मानक आयएस ९४७३ लिहिलेला, नाकावर घट्ट बसणारा मास्क घ्या. आम्ही घरात घासणं बंद केलं. आता मोकळ्या गाळ्यात, वारा पाठीमागून येईल असं बसतो. झाडू मारत नाही, ओल्या फडक्यानं पुसतो. घरी जाऊन तान्ह्याला घेण्याआधी कपडे बदलतो, हातपाय धुतो. एकीचा खोकला महिनाभर गेला नाही, तेव्हा हे सगळं सुचलं. तुम्हाला त्याआधीच सुचावं.

आणि शेवटी पैशाचं. नगाचा भाव ठरवताना कागद आणि मास्क कोणाच्या खर्चानं, ते आधी बोलून घ्या. एका नगाला किती कागद लागतो, हे एक नग करून मोजा. कागद आपल्या खर्चानं असेल तर माणूस नकळत झिजलेल्या कागदावर जोर लावतो आणि नक्षी घालवतो. म्हणजे कागद वाचवायला गेलो की अख्खा नग जातो. आम्ही आता प्रत्येक ऑर्डरला आधी एक नमुना करतो. मालकाला दाखवतो, "एवढं गुळगुळीत, आणि एवढी कड ठेवलेली, चालेल का?" त्यांनी हो म्हटलं की तो नमुना खुंटीला टांगून ठेवतो आणि बाकीचे नग त्याच्याशी ताडून बघतो. मागून कुणी बोट दाखवलं तर आमच्याकडे नमुना असतो.

नव्यानं शिकणाऱ्या मुलींना आम्ही लगेच देव्हारा देत नाही. बाजार समितीच्या फळबाजारातून फुटक्या पेट्यांच्या फळ्या आणतो, आधी खिळे तपासतो, आणि त्यावर एक साधं पान कोरून घासायला देतो. पान घासून झाल्यावर शिरा मोजायच्या. कोरताना सात होत्या, घासल्यावर सात राहिल्या पाहिजेत. पाच राहिल्या तर पुन्हा दुसरं पान.

मोरांच्या महिरपी पुन्हा आमच्याकडे आल्या, वर्षभरानं, त्याच मालकांकडून. मालकांनी एक नग घेतला, तसाच तिरका धरला. काही बोलले नाहीत, पुढच्या खेपेचा आकडा सांगितला. आम्ही मात्र एकमेकींकडे बघितलं. पिसाऱ्यातला प्रत्येक डोळा जागेवर होता.

तुमच्याही हातात कधी कोरीव लाकूड आलं, देव्हारा असो, आजीचा पाट असो की मुलाचं खेळणं, तर घासण्याआधी घटकाभर उजेडात धरून बघा. काय राहिलं पाहिजे ते ठरवा. मगच दुकानात जा, आणि नुसतं "पॉलिश पेपर द्या" असं म्हणू नका. नंबर सांगा.